मिस्त्री लोक पेन्सिलीला टोक कशानं काढतात? (शार्पनर सोडून बोला)

परभणीकर_७७
मंडळी, घराचं काम काढलंय, परभणीलाच. वरचा मजला झाला आणि आता महिनाभरापासून फर्निचर चालू आहे. मी घरूनच काम करतो त्यामुळं एका खोलीत माझी मीटिंग आणि शेजारच्या खोलीत कटर मशीन, असं चाललंय. मीटिंगमधे माईक बंद करून मी मिस्त्रींकडंच बघत बसतो खरं सांगायचं तर.

मिस्त्री साठीचे असतील. दिवसातून दहा-बारा वेळा पेन्सिलीला टोक काढतात. पहिल्या आठवड्यात मला दया आली म्हणून लेकीच्या कंपासमधला शार्पनर आणून दिला, तर हसले, उलटापालटा करून बघितला आणि खिशात टाकला. "नातवाला होईल" म्हणाले.

त्यांची पद्धत अशी. उकिडवं बसायचं, पाऊण इंची पटाशी (लाकूड तासायची चपटी छिन्नी) उजव्या मुठीत धरून मूठ गुडघ्यावर टेकवायची आणि पटाशी हलवायचीच नाही. डाव्या हातानं पेन्सिल पात्यावर ठेवून मागं ओढायची. पटाशी जागेवर, पेन्सिल चालती! एका अंगानं तीन ओढ, पलटी करून दुसऱ्या अंगानं तीन, मग शहाबादी फरशीवर दोन्ही बाजू दोन-दोनदा घासायच्या, फुंकर मारायची आणि पेन्सिल परत कानावर. मी मोबाईलवर वेळ लावली, अकरा सेकंद.

आता मुद्दा असा की ते टोक गोल होतच नाही. स्क्रू ड्रायव्हरसारखं चपटं होतं. मी विचारलं तर म्हणाले "गोल टोक शाळेत". एवढंच. ह्यापुढं काही सांगत नाहीत, तर कुणाला माहितीय का?

अर्धासूत
मी सांगतो, माझं संभाजीनगरला छोटं वर्कशॉप आहे, रोजचं काम आहे आमचं.

गोल टोक म्हणजे सुईचं टोक. प्लायवर दोन फूट रेष ओढली की सुई झिजली. सुरुवातीला केसाएवढी रेष आणि शेवटाला दोऱ्याएवढी. चपटं टोक म्हणजे पटाशीची धार, ती रेषेच्या दिशेनं लांब असते त्यामुळं झीज सगळ्या धारेवर वाटली जाते आणि चार शीट मारल्या तरी रेष तेवढीच राहते.

दुसरं कारण ह्याहून मोठं आहे. साधी पेन्सिल सात एमएमच्या आसपास जाड असते. गोल टोक केलं आणि पेन्सिल गुण्याला (काटकोनाच्या पट्टीला) खेटून सरळ उभी धरली तर शिसं गुण्यापासून साडेतीन एमएम लांब राहतं. मग आपण काय करतो, पेन्सिल तिरकी करतो. आणि तिरकी किती करायची हे हातावर, त्यातही हात दर वेळी वेगळा. तेच टोक एका अंगानं सपाट असलं की सपाट बाजू गुण्याला चिकटते, शिसं बरोबर कडेला येतं. तुमच्या मिस्त्रींना नीट बघा, एक बाजू जास्त तासतात आणि दुसरी नावापुरती. पैज लावतो.

कामून_बुवा
अकरा सेकंद मोजले म्हणजे मीटिंग लई महत्त्वाची असंल 😄

सुतारपोर
धागा बघून राहवलं नाही म्हणून बरेच दिवसांनी लॉगिन केलं. आमचं गाव जालन्याकडलं, वडील गावकीचे सुतार. आता मी सुतारकी करत नाही, बँकेत आहे, पण हात अजून शिवशिवतात.

वडिलांच्या पेटीत पेन्सिल कायम असायचीच असं नाही. तिफण, वखर, बैलगाडीचं जू, हे सगळं बाभळीचं, आणि बाभूळ तासून झाली की पेन्सिलीची रेष दिसतच नाही तिच्यावर, तांबूस काळं लाकूड ते. तिथं खिळ्यानं ओरखडा काढायचा नाहीतर गेरूचं सूत मारायचं. दोरी गेरूच्या पाण्यात बुचकळून दोन टोकाला दोघांनी ताणून धरायची आणि मधून उचलून सोडली की फट्! सरळ लाल रेघ. ते दुसरं टोक धरायचं काम माझं. दोरी जरा ढिली धरली की रेघेला पोट यायचं आणि मग शिव्या.

पेन्सिल लागायची ती दार-खिडक्याला, सागवान असंल तेव्हा. टोक वाकसानं (लाकूड तासायच्या आडव्या पात्याच्या हत्यारानं) काढायचे. होय वाकसानं! ज्या वाकसानं ओंडका तासायचा त्याच वाकसाचा दांडा पात्याजवळ आखूड धरून पेन्सिल अशी सोलायचे की साल कागदासारखी निघायची. मी एकदा नकल करायला गेलो, अंगठ्याला अजून खूण आहे.

आणि पटाशीचं म्हणाल तर, चांगली पटाशी पेन्सिलीला लावली की वडील खवळायचे. त्यांचं म्हणणं, शिसं धार खातं. पेटीत एक तुटकी पटाशी वेगळी होती, दांडा नसलेली, चिंधी गुंडाळलेली, ती पेन्सिलीची. चहाची पुडी फोडायची पण तीच.

भूमितीबाई
शिसं धार खातं हे अगदीच खोटं नाही. पेन्सिलीत शिसं नसतंच मुळी, ग्राफाइट आणि चिकणमाती भाजून केलेली कांडी असते. ग्राफाइट मऊ, पण भाजलेली माती पात्याला घासते. माती जितकी जास्त तितकी पेन्सिल कडक, म्हणजे एच, टू एच वगैरे, आणि ग्राफाइट जास्त की काळी मऊ, बी, टू बी.

मी आयटीआयला ड्रॉइंग शिकवते. पहिल्याच आठवड्यात आम्ही पोरांना हे दोन्ही टोक करायला लावतो, सरळ रेषांना चपटं आणि अक्षरं-आकड्यांना गोल. लाकूड ब्लेडनं सोलायचं आणि शिसं पॉलिश पेपरवर घासायचं. शिसं कधीही ब्लेडनं तासायचं नाही, मोडतं तरी नाहीतर ब्लेड तरी जातं. परभणीकर, तुमचे मिस्त्री फरशीवर घासतात ते हेच, फक्त पॉलिश पेपरचे पैसे वाचवून.

पोरांची गंमत म्हणजे गावाकडनं आलेल्यांना ब्लेडनं टोक काढता येतं, शहरातल्यांना शार्पनरशिवाय येत नाही. आमच्या लहानपणी तर शार्पनरला गिरमिटच म्हणायचो, आता कारपेंटरच्या वर्गात गिरमिट म्हटलं की भोक पाडायचं गिरमिट निघतं आणि माझाच घोटाळा होतो.

लातूरचा_जावई
टोक बिक ठीक आहे हो, पण मला सांगा पेन्सिलीच्या जाडीनं एवढा फरक पडतो का खरंच. का उगी. मी लॉकडाऊनमधे हौसेनं स्वतः शेल्फ केलं होतं. शार्पनरनं टोक काढकाढून सुईसारखं केलं, गुण्या लावून मापं टाकली, एका प्लायच्या रुंदीत सोळा-सोळा इंचाच्या तीन पट्ट्या बसवल्या आणि तरी तिसरी पट्टी आखूड निघाली, चांगली दिसण्याएवढी आखूड. १८ एमएमची महागाची शीट होती. सासरे बघायला आले आणि काहीच बोलले नाहीत, ते जास्त लागलं. म्हणून विचारूलालो, माझं टोक चुकलं का डोकं?

अर्धासूत
@लातूरचा_जावई टोक चुकलं नाही भाऊ, तुम्ही पातं विसरलात.

आठ बाय चारची शीट म्हणजे २४४० बाय १२२० एमएम. सोळा इंच म्हणजे ४०६.४. तीन पट्ट्या १२१९.२, कागदावर बसतात. पण कापायला पातं जातं ना मधून! पातं तीन एमएम खात असेल तर दोन कापात सहा एमएमचा भुसा. १२२० मधून दोन पट्ट्या आणि सहा एमएम काढा, तिसरी उरते ४०१ आणि वर थोडी. पाच एमएम गायब, म्हणजे दीड सुताच्या वर. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन एमएमला जरा कमी.

म्हणून एक माप टाकायचं, कापायचं, मग पुढचं माप टाकायचं. सगळी मापं आधी टाकून ठेवली की हे होतंच. नवीन पोरगं कामाला ठेवलं की माझ्याकडं पहिली शीट हमखास अशी जाते.

आणि टोकाचा संबंध इथंच आहे. बोथट पेन्सिलीची रेष सहज एक एमएम भरते. आता पातं रेषेच्या कोणत्या बाजूनं घालायचं? आम्ही म्हणतो रेष खायची का रेष ठेवायची. एकानं खाल्ली आणि दुसऱ्यानं ठेवली की त्या एका एमएमचा घोळ झाला. रेष बारीक असली की खाल्ली काय ठेवली काय, फरक नखाएवढाही नाही. माझ्याकडं नियमच आहे, जिकडचा तुकडा फेकायचा तिकडं फुली मारायची, पातं फुलीच्या बाजूला.

लातूरचा_जावई
म्हणजे डोकं. बरं. सासऱ्यांना दाखवत नाही हा धागा.

कडूलिंब
पेन्सिलीवरून आठवलं, जरा विषयाबाहेर जातो. आमचं मूळ घर औसा तालुक्यात, माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. ९३ च्या भूकंपात एक बाजू खचली पण पडलं नाही. पुढं बरीच वर्षं तसंच होतं, शेवटी सहा-सात वर्षांमागं उतरवलं. वरची माती काढली, किलचनं (मातीखालची बारकी लाकडं) काढली आणि तुळया खाली घेतल्या. तर खांबाच्या डोक्यावर आणि तुळईच्या बुडाला जोडीजोडीनं खुणा. एका खांबावर दोन उभ्या रेघा, त्याच्या तुळईवर दोन उभ्या रेघा. दुसरीकडं तीन आणि एक आडवी. कोरलेल्या, पटाशीच्या टोकानं. कोणतं कुठं बसायचं ते. आणि सालाच्या, म्हणजे जोडाच्या खाचेच्या, आतल्या बाजूला, जिथं कुसू (दुसऱ्या लाकडाची जीभ) बसतं तिथं, काळी पेन्सिलीची रेष जशीच्या तशी होती! पणजोबाच्या वेळचं घर, तिथं ऊन नाही, हात नाही, रेष कालच मारल्यासारखी. मी बोट फिरवलं तर बोट काळं झालं.

फोटो काढलाय पण जुन्या मोबाईलमधे अडकलाय, निघाला तर टाकतो.

भूमितीबाई
@कडूलिंब, वा! ग्राफाइट म्हणजे कार्बनच, ते उन्हानं उडत नाही की शाईसारखं फिकं पडत नाही. घासलं तरच जातं. खरंच टाका फोटो.

पुस्तकी_किडा
शिसं नसून शिसपेन्सिल का म्हणतात त्याची गोष्ट छान आहे. सोळाव्या शतकात इंग्लंडमधे बॉरोडेलला ग्राफाइटची खाण सापडली, तेव्हा लोकांना ते शिश्याचाच प्रकार वाटलं. नाव तेव्हापासून चिकटलं आणि आपल्याकडं पण तसंच आलं. माती मिसळायची युक्ती १७९५ ची, निकोला-जाक काँते नावाच्या फ्रेंच माणसाची, कारण लढाईमुळं फ्रान्सला इंग्लंडचं ग्राफाइट मिळेना.

आणि सुताराची पेन्सिल तर फार जुनी. जर्मनीत सतराव्या शतकातल्या एका घराच्या छपरात एक सापडली होती, फाबर-कास्टेल कंपनीनं ती जपून ठेवलीय. म्हणजे कुणीतरी मिस्त्री वर विसरून खाली उतरला आणि ती इतिहासात गेली. माझा चष्मा कधी सापडणार.

बाय द वे आपल्या पेन्सिलींचं बरंचसं लाकूड काश्मीरमधून येतं, पुलवाम्यातलं उखू गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. पॉपलरचं लाकूड. मऊ असतं म्हणूनच अकरा सेकंदात सोलतं.

कामून_बुवा
जर्मनीच्या मिस्त्रीनं पण पेन्सिल हरवली होती ऐकून बरं वाटलं. आमच्याकडला तर कानावर असते आणि घरभर शोधतो.

नांदेडची_लेक
मी वाचतेय नुसती पण एक तक्रार इथंच करते. टोक कसंही काढा हो पण ते भुकटी कुठं झाडायची ते मिस्त्री लोकांना कोण सांगणार. आमच्या पांढऱ्या लॅमिनेटवर पेन्सिलीची काळी बोटं उमटलीत, आणि बेडच्या सागवानी पट्टीवर पॉलिशखाली रेष दिसायली. पोरानं थिनरनं पुसली तर अजूनच पसरली.

अर्धासूत
ताई, थिनरमधे ग्राफाइट विरघळतच नाही, नुसतं पसरतं. लॅमिनेटवर साधा खोडरबर लावा, शाळेतला पांढरा, निघेल. पट्टीवरचं मात्र पॉलिशच्या आतलं आहे, ते पॉलिश घासून काढून परत मारल्याशिवाय जाणार नाही. पॉलिशच्या आधी बारीक पॉलिश पेपर फिरवायचा असतो, तो फिरवला नाही, आळस. मिस्त्रीलाच करून मागा, पैसे देऊ नका वेगळे.

आणि दिसणाऱ्या बाजूला रेष मारायचीच असली तर हलकी, एचबीनं. टू एच वगैरे मऊ लाकडावर घासली की रेष पुसते पण खड्डा राहतो, पॉलिश झाल्यावर तो चमकतो.

दुबईवरून_उदगीर
इकडं साइटवर सगळ्यांकडं मेकॅनिकल असते, जर्मनीची पिका नावाची, २.८ एमएम शिसं, खोळीतच शार्पनर, लांब नळीसारखं तोंड त्यामुळं खोल भोकात पण खूण करता येते. टोक काढायचा प्रश्नच नाही. आपल्याकडं लोकं अजून पटाशीनं सोलत बसलेत बघून हसू येतं. सुट्टीला आलो की आमच्या मिस्त्री मामांसाठी एक घेऊन येणार आहे.

सुतारपोर
आणा की, मामा पण बघतील. पण सांगून ठेवतो, चार दिवसांत ती पोराच्या दप्तरात जाईल आणि मामा नटराजचाच तुकडा वापरतील. लाल-काळ्या पट्ट्याची, अर्धी झालेली. नवी पेन्सिल कानावर जड होते आणि वाकलं की पडते. वडील तर नवी पेन्सिल आणली की आधी मधून मोडायचे आणि अर्धी दुसऱ्याला द्यायचे.

आणखी एक सांगायचं राहिलं. भिंतीला चौकट बसवताना भिंत कधीच सरळ नसते. तेव्हा वडील पेन्सिल उभी चिरून तिचे दोन फाक करायचे, अर्ध्या फाकेची सपाट बाजू भिंतीवर टेकवून वरून खाली ओढत न्यायची, भिंतीचा सगळा वाकडेपणा लाकडावर उतरतो. मग तेवढं तासलं की चौकट भिंतीला चिकटून बसते, फट नाही. अख्खी पेन्सिल वापरली तर रेष अर्ध्या जाडीनं लांब पडते आणि जास्त तासलं जातं. हे काम तुमच्या पिकानं होत असंल तर सांगा.

दुबईवरून_उदगीर
नाही होत 🙂 त्यासाठी इकडं वेगळं हत्यार मिळतं.

कामून_बुवा
वेगळं हत्यार, वेगळे पैसे.

डावखुरा
एक सावध करतो. परभणीकरांनी लिहिलंय ते मिस्त्री पातं स्थिर ठेवून पेन्सिल ओढतात, ते उगंच नाही. मी कटरनं टोक काढायचो, पुढं ढकलून, तो निळा-पिवळा तुकड्या तुकड्याचं पातं असलेला कटर. पातं बाहेर जास्त होतं, मोडलं आणि तुकडा डोळ्याच्या खाली लागला. नशीब. आता एक बोटभर आक्साचं (लोखंड कापायच्या करवतीचं) पान घासून धार लावून घेतलंय, एका बाजूला सायकलची ट्यूब गुंडाळली. ते मोडत नाही. पातं अंगठ्यानं दाबून स्थिर आणि पेन्सिल मागं. सटकलं तर पेन्सिल लांब जाते, पातं अंगावर येत नाही.

परभणीकर_७७
मंडळी दोन दिवस गायब होतो, रिपोर्ट देतो.

अर्धासूत, पैज जिंकलात. जवळून बघितलं. आतली बाजू एकच ओढ, नुसती साल काढल्यासारखी, आणि बाहेरची तीन-चार, चांगली उतरती. फरशीवर आतली बाजू एकदम आडवी टेकवून घासतात. ती गुण्याची बाजू. मी म्हणालो "मिस्त्री, ही पटाशीसारखीच धार झाली की", तर पहिल्यांदा काम थांबवून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "मग? पटाशीनं जिथं खायचं तिथंच पेन्सिलीनं सांगायचं न."

धारेचं पण विचारलं, सुतारपोरांच्या वडिलांचं सांगितलं. ते म्हणाले बरोबर आहे त्यांचं, पण ही पटाशी तशीही प्लायची आहे, प्लायमधल्या चिकटानं तिची धार रोज जाते, पेन्सिल काय वेगळं करणार. सालं मारायच्या पटाश्या वेगळ्या, त्या गोणपाटात गुंडाळून पिशवीत. त्या मला दाखवल्या, हात लावू दिला नाही.

मग मी पण करून बघितलं. पहिल्या पेन्सिलीचं शिसं तीनदा मोडलं. दुसरीचं लाकूड एका बाजूला इतकं गेलं की चमच्यासारखी झाली. तिसरी जमली, म्हणजे चपटी झाली, फक्त कोणती बाजू गुण्याची ते मलाच कळेना. मिस्त्रींनी घेतली, फरशीवर दोनदा घासली, किचनच्या ट्रॉलीचं एक माप टाकलं त्यानं आणि कानावर ठेवली.

संध्याकाळी जाताना ती पण घेऊन गेले. लेक विचारायली, माझा शार्पनर कधी देणार.